केरबाच्या खोप्याचे पाच शिक्के

एका जंगलात, बाळांनो, सगळ्यांचं मिळून एकाच शब्दावर भागत असे. कोणता शब्द, ते सांगतो. मध्येच बोटं वर करायची नाहीत. ज्यांना घरच्यांनी इंग्रजीच्या शिकवणीला घातलं आहे, त्यांनी पुढे सरकून बसावं. गोष्ट त्यांच्या कामाची आहे.

तो शब्द म्हणजे 'झालं'. सिंहमहाराजांचं जेवण आटोपलं की ते म्हणत, झालं. मुंग्यांचं वारूळ उभं राहिलं की मुंग्या म्हणत, झालं. म्हातारा रानडुक्कर गेला, तेव्हा त्याच्या बायकोनं डोळे पुसत म्हटलं, झालं बाई! यात कधी कोणाचा घोटाळा झाला नाही. अडाण्यांचे घोटाळे लहान असतात. मोठ्या घोटाळ्याला शिक्षण लागतं.

ते एके दिवशी रावेसाहेबांबरोबर आलं. रावेसाहेब म्हणजे पोपट. ते अकरा वर्षं शहरात होते. इंग्रजीच्या शिकवण्या घेणाऱ्या एका मास्तरांच्या व्हरांड्यात त्यांचा पिंजरा टांगलेला असे. समोरची मुलं दरवर्षी बदलत, धडे तेच राहत. रावेसाहेब भिजवलेली डाळ खात आणि ऐकत. पुढे मास्तर वारले, गडबडीत पिंजऱ्याचं दार उघडं राहिलं, आणि रावेसाहेब विद्वान होऊन जंगलात परतले.

ते दरबारात आले तेव्हा महाराज सांबर खाऊन मिशा चाटत बसले होते.

"झालं," महाराज म्हणाले.

"काय झालं, महाराज?" रावेसाहेबांनी विचारलं. "नेमकं कोणत्या अर्थानं झालं?"

असं महाराजांना कोणी कधी विचारलं नव्हतं.

"आपलं पोट फुल झालं," रावेसाहेब म्हणाले. "म्हणजे आत जागा उरली नाही. सांबर होल नव्हतं, कारण त्याचं एक तंगडं आधीच तरसानं पळवलं होतं. जेवण एन्टायर झालं, म्हणजे पहिल्या घासापासून शेवटच्या घासापर्यंत झालं. शिवाय ते कम्प्लीट झालं. आणि सांबर फिनिश झालं."

आपण जेवता जेवता एवढं सगळं करतो, हे महाराजांना ठाऊकच नव्हतं. त्यांचा ऊर भरून आला. त्यांनी तिथल्या तिथे रावेसाहेबांना पूर्णता अधिकारी नेमलं आणि दवंडी पिटवली : यापुढे कोणतंही घर पाचही अर्थांनी पूर्ण असल्याखेरीज त्यात कोणी अंडं घालू नये. पाच अर्थांचे पाच शिक्के. एकही कमी चालणार नाही.

रावेसाहेबांनी स्वतः जन्मात घर बांधलं नव्हतं. पोपट आयत्या ढोलीत राहतात. त्यामुळे त्यांच्या निःपक्षपातीपणाबद्दल कोणाला शंका नव्हती.

आता केरबाकडे येऊ. केरबा हा सुगरण पक्षी. सुगरण म्हटल्यावर तुम्ही बाई समजाल, पण घरटं विणतो तो नर. नाव तिचं, राबतो हा. ओढ्यावरच्या बाभळीला त्यानं खोपा टांगला होता, आणि तोही अर्धाच. आळशी म्हणून नव्हे. सुगरणींत रीतच तशी आहे. नरानं अर्धा खोपा विणायचा आणि थांबायचं. मग मादी येते, ओढून बघते, नावं ठेवते. तिला पसंत पडला तरच पुढचा अर्धा विणायचा.

गजरा आली. खोप्याच्या आडव्या दोरीवर बसली, झोके घेतले, दोन काड्या चोचीनं ओढून पाहिल्या.

"हितली गाठ ढिली हाय," ती म्हणाली.

"आवळतो की."

"वारा कुनीकडनं येतोय?"

"मावळतीकडनं. पाठ तिकडंच केलीया."

गजरानं आणखी एक झोका घेतला. "बरं हाय. ऱ्हाईन मी. म्होरचं बांध बिगीबिगी. चार दिसांत मला अंडी घालायची हायत."

केरबाला इतका आनंद झाला की तो उलटा लोंबकळला. आता पुढचा अर्धा, म्हणजे नळी, तेवढी राहिली होती. खोप्याच्या तोंडाला खाली लांब नळी विणतात, ती पाहिली असेल तुम्ही. ती शोभेसाठी नसते. बाभळीच्या बुंध्याशी बिळात एक धामण राहत होती. नळी असली की धामण घसरून ओढ्यात पडते. नळी नसली की खोपा म्हणजे वाढलेलं ताट.

केरबा गवताच्या पात्या आणायला निघणार, एवढ्यात रावेसाहेब तपासणीला आले. त्यांनी खोप्याभोवती दोन फेऱ्या मारल्या.

"होल आहे," ते म्हणाले. "यातून काही तुटून पडलेलं दिसत नाही." पहिला शिक्का बसला. "एन्टायर नाही. याचा शेवट कुठे आहे?"

"त्योच बांधायला निघालोय, सायेब."

"फुल नाही. आत कोणी नाही."

"अंडी घातल्याव भरंल की."

"पाच शिक्क्यांशिवाय अंडी घालता येणार नाहीत. राहता राहिले कम्प्लीट आणि फिनिश. दोन्ही नाहीत."

इथे केरबाच्या हातून चूक झाली. चूक साधीच होती. त्याला खरोखरच समजून घ्यायचं होतं.

"सायेब," तो म्हणाला, "ह्या दोगांत फरक काय वो?"

बाळांनो, तुम्हाला म्हणून सांगतो, रावेसाहेबांना फरक येत नव्हता. मास्तर वर्षातून एकदाच तो धडा घेत, नेमका कडाक्याच्या थंडीत. तेव्हा पिंजऱ्यावर घोंगडी टाकलेली असे आणि रावेसाहेब आत झोपलेले असत. अकरा वर्षं त्यांचा तो धडा हुकला होता. पण अधिकाऱ्याला माहीत नाही असं अधिकारी कधी म्हणतो का?

"प्रश्न गंभीर आहे," रावेसाहेब म्हणाले. "मी त्याचा अभ्यास करीन. तोवर काम बंद ठेवा."

"बंद? आन् नळी?"

"तपासणी चालू असताना वस्तूच बदलली, तर मी तपासलं काय म्हणायचं? एक काडी हलवायची नाही."

पहिल्या दिवशी रावेसाहेबांनी अभ्यास केला. दुसऱ्या दिवशीही केला. आंब्याच्या फांदीवर बसून ते डोळे मिटत आणि पुटपुटत. येणारे-जाणारे दबकून चालत. जंगलात एवढा विचार कधी कोणी केला नव्हता.

तिसऱ्या दिवशी केरबा दरबारात गेला. महाराजांच्या पायांशी पंख पसरून पडला.

"म्हाराज, नळी तेवढी बांधू द्या. शिक्कं मागनं मारा. न्हाईतर मारू नगा. बायकूचं दिस भरल्यात."

महाराजांना दया आली. ते वाईट नव्हते. त्यांनी रावेसाहेबांकडे पाहिलं.

"महाराज," रावेसाहेब म्हणाले, "आज नळी बांधू दिली, तर उद्या कोणीही उठून काहीही पुरं करील."

हे महाराजांना पटलं. असं वाक्य कोणालाही पटतं.

केरबा परत आला तेव्हा गजरा खोप्यात बसलेली होती.

"अगं, मनाई हाय!"

"त्या अंड्यास्नी जाऊन सांग," गजरा म्हणाली. "कुठं घालू सांग की. हवेत घालू व्हय? मी बघून, पारखून ह्यो खोपा पसंत केला, केरबा."

तीन अंडी होती. पांढरीशुभ्र. केरबानं त्या दुपारी एक पाती आणलीसुद्धा. खोप्याला लावायला गेला आणि थांबला. कायदा मोडायची सवय नव्हती बिचाऱ्याला. ती पाती तो चोचीत धरून बसून राहिला. मला त्याचा फार राग येतो, आणि त्याहून जास्त वाईट वाटतं.

धामण पाचव्या दिवशी सकाळी वर चढली. तिला शिक्के लागत नाहीत. दोघांनी टोचून टोचून तिला बेजार केलं, जीव तोडून ओरडले. ती सावकाश आली, सावकाश जेवली आणि सावकाश खाली गेली.

ओरडा ऐकून रावेसाहेब आले. रिकामा खोपा त्यांनी आत डोकावून पाहिला. मग खाली पाहिलं. धामण उन्हात पडली होती, तिच्या अंगावर तीन फुगवटे होते. रावेसाहेबांचे डोळे लकाकले.

"सापडला!" ते ओरडले. "फरक सापडला! खोपा कम्प्लीट झाला नव्हता, आणि अंडी फिनिश झाली!"

ते तसेच दरबाराकडे उडाले. आनंदाच्या भरात केरबाला सांगून गेले, की तपासणी संपली, आता काम पुढे चालू करायला हरकत नाही.

गजरा त्याच दिवशी ओढ्यापलीकडे निघून गेली. केरबानं नळी बांधली. कोणासाठी, ते त्याला सांगता आलं नसतं. पण सुंदर बांधली, आणि ढिली गाठही आवळली. रावेसाहेबांनी एन्टायर, कम्प्लीट आणि फिनिश असे तीन शिक्के एका दमात मारले. फुल तेवढा राहिला होता, म्हणून त्यांनी आत वाळका पाला ठासून भरला आणि पाचवा शिक्का मारला.

जंगलातलं ते पहिलं संपूर्ण घर. महाराजांनी ते काढून आणवलं आणि दरबारात टांगलं. लांबलांबच्या रानांतून पक्षी ते बघायला येतात. रावेसाहेब त्यांना पाचही शिक्के समजावून सांगतात. केरबाला शेजारच्या फांदीवर बसवलेलं असतं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या की त्यानं मान लववायची असते, आणि तो लववतो.

तात्पर्य : घर बांधण्याआधी शब्दांचे बारीकसारीक अर्थ नीट ठरवून घ्यावेत. अंडी काय, दर साली होतात. पाच शिक्क्यांचं घर जन्मात एकदाच होतं.