खुनी यंत्राचे पाहुणे

“चक्रव्यूहात मरायला माणसं पाहिजेत, आणि ती एकमेकांना अजिबात ओळखणारी नकोत!” हितेंद्रने सगळ्यांना बजावलं होतं.

अनोळखी माणसं खुनी यंत्राच्या चक्रव्यूहात अडकतात, असा त्याचा विज्ञानपट म्हणजे साधं काम नव्हतं. सावद्याच्या तोताराम आबांनी केळी पिकवायची बंद खोली फुकट दिली, अट एकच, खुनी यंत्राचा आवाज आबांचाच. एकाच खोलीतल्या दिव्याला लाल, निळा, हिरवा कागद लावला की झाल्या तीन खोल्या. डोकं लागतं त्याला! फक्त उद्या तिथं केळी भरायची होती. सिनेमा आजच संपला नाही, तर हितेंद्रची दोन वर्षांची मेहनत पाण्यात.

पिंपळनेरचा प्रेमराज, दीपनगरचा वना आणि पिंपराळ्याची कामिनी, तिघांना त्याने वेगवेगळ्या रिक्षांतून आणलं. चहासुद्धा वेगवेगळा पाजला.

कॅमेरा सुरू झाला. प्रेमराजने शुद्धीवर येऊन वनाचा गळा धरायचा होता. तो उठला, कपडे झटकले आणि म्हणाला, “तुम्ही कोनता गावना?”

“कट! अरे, मरणाच्या दारात कोणी गाव विचारतं का?”

“मग काय इचारतस भाऊ?” प्रेमराजला खरंच कळेना.

दिवे नीट करेपर्यंत तिघांच्या गप्पा रंगल्या आणि घात झालाच. वनाची सासुरवाडी पारोळ्याची निघाली. प्रेमराजचे मामाही पारोळ्याचेच. आणि कामिनीचं तर माहेरच पारोळा!

“आता दाजीसना गळा कसा धरू?” प्रेमराजने हात जोडले.

हितेंद्रने कपाळ बडवलं. गळा राहू दे, निदान शेवट तरी होऊ दे! खोलीत धूर सोडला. भोंग्यातून तोताराम आबा गरजले, “एकच जिवंत जाईल! ठरवा!”

आता धक्काबुक्की व्हायची होती. वना बाजूला सरला. “कामिनीताई, तुम्ही माहेरवाशीण. आधी तुम्ही.”

“वा! जावई मानाचा. तुम्ही निघा, दाजी.”

“मी लहान शे, मी थांबस,” प्रेमराज म्हणाला.

“भावाला मरायला सोडून मी जाऊ? जमणार नाही!” कामिनीच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. हितेंद्रची छाती अशी फुगली, की ‘कट’ म्हणायचं त्याला सुचलंच नाही. अशी माणसं कुठल्या सिनेमात आहेत?

इतक्यात भोंगा खरखरला. “थांबा थांबा! पारोळ्याले तं माही सख्खी बहीन देली हाये! बाहेर या सारे, चहा टाकला!” आणि खाडकन दार उघडलं.

हितेंद्र धावत आबांकडे गेला. “आबा! अहो, तुम्ही खुनी यंत्र आहात!”

आबांनी माइक शांतपणे खाली ठेवला.

“हाव ना. पन यंत्राले काय बहीन नसते का?”