मधला रकाना

भिंगारचे शमुवेल साळवे चहा सांगत आणि खिशातून घड्याळ काढीत. कचेरीच्या फाटकासमोर गंगारामची टपरी आहे; तिला लागून माझे अर्ज लिहिण्याचे मेज. त्या मेजाच्या कोपऱ्यावर साळवे तीन रकाने आखलेला कागद पसरीत. डावीकडे लिहीत, 'चहा देणे.' मधे, 'स्टोव्हला पंप मारणे, पातेले विसळणे, गिऱ्हाइकाशी निवडणुकीवर बोलणे.' उजवीकडे प्रत्येकापुढे सेकंद.

"सायेब, दूध उतू गेल्यालं बी लिवलं का?" गंगाराम विचारी.

"लिहिलं. निवडणुकीच्या खाती घातलंय."

हे गृहस्थ मुंबईस एका संस्थेच्या गणकयंत्रावर नोकरीस होते. पत्नी मार्थाबाईंना दमा. तिकडची हवा मानवेना, म्हणून ते भिंगारास परतले. परंतु घडीच्या लांबलचक कागदांचे गठ्ठे मुंबईहून टपालाने तपासायला येतच राहिले. एकदा त्यांनी एक गठ्ठा माझ्या मेजावर उलगडला. माणसाने यंत्रास दिलेला हुकूम डावीकडे. तो एक हुकूम पाळण्यासाठी यंत्राने स्वतःच्या भाषेत केलेली बारीक कामे मधे. आणि त्यांत किती वेळ गेला तो हिशेब उजवीकडे. तिन्ही शेजारी ठेवल्याखेरीज यंत्र कोठे रखडते ते उमगत नाही, असे त्यांचे म्हणणे. मी मराठी पाचवी शिकलेला असलो तरी माझा मजकूर परत करण्याची छाती आजवर एकाही मामलेदारास झालेली नाही. सबब मला ते तात्काळ समजले.

'तात्काळ' याच शब्दावर त्यांचा दात. माझ्या अर्जात तो दिसला की त्यावर बोट ठेवून म्हणत, "फोडून सांगा, अर्जनवीस. डावीकडची ओळ खोटं बोलत नाही, पण सगळं सांगतही नाही."

गेल्या उन्हाळ्यात मार्थाबाई दम्याच्या झटक्याने दवाखान्याच्या पायरीवर वारल्या. अर्धा तास आधी आणायला हवे होते, असे डॉक्टर म्हणाले. महिन्याने साळवे माझ्यासमोर येऊन बसले.

"दवाखान्याविरुद्ध अर्ज लिहायचाय. उशीर कुठं झाला, ते सिद्ध करायचंय मला."

'मेहेरबान' लिहून मी पुढे जागा सोडली आणि मजकुरास हात घातला: 'अर्जदाराने पत्नीस तात्काळ दवाखान्यात नेले असता...'

त्यांनी माझा टाक धरला आणि स्वतःचा कागद पुढे केला. मार्थाबाईंना नेले त्या दिवशीही घड्याळ खिशात होते. 'टांगा आणणे' यापुढे मधे तेरा नोंदी, उजवीकडे नऊ मिनिटे. 'केसपेपर काढणे', सहा. 'डॉक्टरांस बोलावणे', चार. केवळ 'घरून निघालो' या ओळीपुढे मधला रकाना कोरा होता. उजवीकडे आकडा मात्र होता. चाळीस.

अर्जात पोकळ जागा ठेवणे माझ्या शिस्तीत बसत नाही. मी म्हणालो, "हे फोडून सांगा, शमुवेलराव."

त्यांनी त्या कोऱ्या रकान्यावर बोट ठेवले.

"लिहा. ती म्हणाली, अहो, निघू या, दम लागलाय. माझ्यापुढं मुंबईचा गठ्ठा होता. मी म्हणालो, यंत्र कुठं अडतंय ते सापडतच आलंय, एवढी ओळ होऊ दे. ती चपला घालून उंबऱ्यावर बसली. पुन्हा हाक मारली. मी म्हणालो, दोन मिनिटं. मग तिनं हाक मारली नाही. मला वाटलं, बरं वाटत असेल."

मी त्या रकान्यात ते सारे शब्दशः उतरविले. पाच ओळी झाल्या.

"आता दवाखान्याचं नाव काढा," ते म्हणाले. "विरुद्ध म्हणून माझं घाला."

मी घातले. मग रोज प्रत्येकास विचारतो तो प्रश्न विचारला, "अर्ज कोणाच्या नावे?"

त्यांना सांगता आले नाही. बावीस वर्षे या मेजावर काढून मलाही सुचले नाही. 'मेहेरबान'पुढची जागा तशीच राहिली.

गंगारामने न मागता चहा आणून ठेवला. "घ्या सायेब, गरम हाय."

त्यांनी घड्याळ काढले नाही. चहावर साय धरली, तरी आम्ही तिघे तसेच होतो.