चेटकिणीच्या नाकापुढचा अंगठा

म्हाकूतात्या दर रविवारी आमच्या परीबागेत यायचे, रीतसर तिकीट काढायचे आणि एकाही पाळण्यात न बसता थेट चेटकिणीसमोर जाऊन उभे राहायचे. मग डावा डोळा मिटायचा, उजव्या हाताचा अंगठा नजरेसमोर धरायचा आणि तसंच बघत राहायचं. साठी उलटलेला, पांढऱ्या मिशांचा, पटक्यातला माणूस चेटकिणीला अंगठा दाखवतोय हे पाहून सहलीची पोरं खिदळायची. तात्यांना त्याचं काही नव्हतं.

मी तेव्हा बागेच्या तिकीटखिडकीवर होतो. बारामतीहून इंदापूरकडे निघालं की रस्त्यालगतच ही बाग. सगळा मामला सिमेंटचा. राक्षसाच्या जबड्यातून आत शिरायचं, पुढे राजकन्येचा मनोरा, राणीचा महाल, चेटकिणीची झोपडी आणि एक बोलणारा पोपट. पोपटाच्या पोटात टेपरेकॉर्डर होता. उन्हाने कॅसेट ताणली गेली की पोपट राक्षसासारखा घोगरा बोलायचा, राक्षस मात्र मुका. माझा त्या पोपटावर फार जीव होता.

तात्या जवळच्याच कन्हेरी गावचे. वडिलांनी मेंढरं वळली, तात्यांनी शेती केली, मुलगा मोटारसायकलवरून एमआयडीसीत जातो. बाग बांधली तेव्हा वाळू ओढली ती तात्यांच्या बैलगाडीने. पुतळे करणारा कारागीर परगावचा. तो तात्यांच्याच पडवीत मुक्कामाला होता आणि हौसाकाकूंच्या, म्हणजे तात्यांच्या बायकोच्या, हातच्या भाकरीवर चांगला पोसला होता. जाताना उतराई व्हावी म्हणून तो म्हणाला, "काकू, बागेतल्या राणीला तुमचा चेहरा देतो." काकू हातातलं काम टाकून, नाकात नथ घालून त्याच्यासमोर बसल्या. चेहरा हुबेहूब उतरला.

नेमकी तेव्हाच मालकांनी राणीसाठी कॅलेंडरवरची एक गोरीपान बाई पसंत केली. तयार डोकं वाया कशाला घालवायचं, म्हणून त्यांच्या हुकमाने ते चेटकिणीच्या धडावर चढलं. नाक तेवढं वीतभर लांबवलं. उद्घाटनाला काकू नवं लुगडं नेसून आल्या, राणीपुढे जाऊन बुचकळ्यात पडल्या आणि वळून बघतात तर झोपडीच्या दारात केरसुणी घेऊन आपणच उभ्या.

तात्या हसले. तिथेच चुकलं. "समदं बेस आलंय, नाक तेवढं वाढलंय," असंही वर म्हणाले. काकूंनी कितीतरी दिवस अबोला धरला. पुढे कोणी फोटोचं नाव काढलं की म्हणायच्या, "येकदा चेटकीन झाले तेवढं बास." नातवाच्या बारशातसुद्धा कॅमेरा बघून त्या पदराआड गेल्या.

एका उन्हाळ्यात काकू वारल्या. भिंतीवर लावायला फोटो म्हणून नव्हता. तेराव्याला पाटावर नुसती नथ ठेवली. त्यानंतरच्या रविवारी तात्या पहिल्यांदा तिकीट काढून आत आले. अंगठ्याने ते लांब नाक झाकलं की मागे हौसाकाकू उरायच्या.

मग मालकांचा मुलगा पुण्याहून शिकून आला आणि त्याने बाग सुधारायला घेतली. पोपट गेला, तिथे व्हिडिओ गेमची खोली आली. मनोरा पाडून टोराटोराचा गरगर फिरणारा पाळणा आला. राक्षसाच्या जागी डायनासोर आला, तो मान हलवायचा, त्यामुळे पोरांना राक्षसाची आठवणही राहिली नाही. गर्दी वाढली हे खरं, पण पोपटावाचून मला खिडकीत करमेना. तात्या तर पाहुण्यांना अडवून नसलेली बाग दाखवायचे. "हितं मनोरा व्हता. आता न्हाय, पर व्हता," हे त्यांचं पालुपद. टोराटोरातून डोळे पांढरे करून उतरलेल्या माणसालाही ते मनोऱ्याचा जिना कुठून चढायचा ते समजावून सांगत.

आणि एक दिवस ठरलं, की चेटकीण पाडून तिथे पाण्याची घसरगुंडी करायची. तात्या खिडकीशी आले. "रमेशा, तुझ्या सायबाला सांग की. हौसा हाय ती."

मी सांगितलं. साहेब, म्हणजे मालकांचा मुलगा, म्हणाले, "बायकोचा फोटो घरी लावायचा असतो."

"त्योच तर न्हाय न्हवं," एवढंच पुटपुटून तात्या गेले.

मंगळवारी सकाळी मजूर घण घेऊन आत गेले, तर चेटकिणीच्या कपाळाला शेंदूर, पुढ्यात लिंबू, खण आणि फोडलेला नारळ. मजुरांनी घण खाली ठेवले. मुकादम म्हणाला, "सायेब, आमी लेकराबाळांची मान्सं. शेंदूर लागल्यावर हात न्हाय लावायचा." साहेब संतापले, इंग्रजीत बोलले. दुपारी त्यांच्या मातोश्रीच ओटी घेऊन हजर झाल्या. घसरगुंडी पलीकडे सरकली. बघ्यांच्या गर्दीत तात्याही होते, त्यांच्या नखांत शेंदूर होता. मी पाहिला आणि गप्प बसलो. पोपट परत मिळाल्याइतका आनंद झाला मला.

पण मग दर मंगळवारी कन्हेरीच्या, पणदऱ्याच्या बायका येऊ लागल्या. मागच्या कुंपणात त्यांच्यासाठी फाटक झालं, तिकीट माफ. चेटकिणीला सगळे बागेतली आई म्हणू लागले. जी येईल ती तेल-शेंदूर लावून जायची. थरावर थर चढले. गाल बुजले, हनुवटी बुजली, ते वीतभर नाकसुद्धा शेंदरात गडप झालं. शेवटी एकीने नवसाचे चांदीचे डोळे बसवले.

त्या रविवारी तात्यांनी डोळा मिटला, अंगठा उचलला, आणि तो धरावा कुठे तेच त्यांना कळेना. हात खाली आला.

मी म्हणालो, "तात्या, जरासा खरवडायचा का?"

"येडा हायस का? लेकरं मागत्यात बाया तिच्यापाशी. त्यांचा शेंदूर मी खरवडू व्हय?" मग जरा थांबून म्हणाले, "रानी व्हायचं व्हतं तिला. देवी झाली. बरंच झालं की. पर मला ती दिसंना, रमेशा. मीच झाकली तिला."

 फार वाईट वाटलं. अजूनही वाटतं.

पुढच्या रविवारी ते पुन्हा खिडकीशी उभे. मी म्हणालो, "तात्या, मागच्या फाटकानं जावा की. देवीला तिकीट लागत नाही."

"देवीला कोन आलंय?" तात्या म्हणाले. "मी हौसाकडं आलोय. फाड तिकीट."