खुशालरावांची चौकट

कोणत्या मजकुराला कोणती चौकट द्यावी, हे आपल्याइतकं अख्ख्या अमरावतीत कुणाला कळत नाही, अशी कुलदीपची ठाम समजूत होती. तो मूळचा बार्शीटाकळीचा. राजापेठेत, दोन ट्यूशन क्लासच्या मध्ये दबलेल्या एका ऑफिसात तो शेतकऱ्यांसाठी माहितीपुस्तिका तयार करायचा. काम मजेशीर होतं. साधा मजकूर टाइप करायचा आणि प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावर खूण करून सांगायचं, ही टीप, हे अवतरण, हे उदाहरण, हा इशारा. छापताना कॉम्प्युटर ज्याला त्याला आपोआप चौकट चढवतो. टाइप करताना मात्र ती दिसत नाही, कल्पना करावी लागते. आणि कल्पना करण्यात कुलदीपचा हात धरणारं कुणी नव्हतं!

यंदाची पुस्तिका शेंदूरजनाघाटच्या संत्रा बागायतदार मंडळाची होती. मंडळाचे अध्यक्ष खुशालराव. आणि खुशालरावांची मुलगी रागिणी! राजापेठेत कॉम्प्युटर शिकायला आली, तेव्हापासून कुलदीपचं आणि तिचं जमलं होतं. घरचे मागणी घालायला गेले, तर खुशालराव म्हणाले, ‘‘पोराचं काम पाहू, मंग बोलू.’’ म्हणजे लग्न या पुस्तिकेवर येऊन ठेपलं होतं.

पहिल्याच पानावर खुशालरावांचा फोटो आणि संदेश होता. त्याला चौकट कोणती?

‘‘अवतरणाची दे,’’ शेजारच्या टेबलावरून दीक्षा म्हणाली.

‘‘छे! अवतरणं गेलेल्या मानसाची राह्यतात. सासऱ्याले आतापासून हार घालू का?’’

‘‘मंग टीप दे.’’

‘‘टीप? एवढा मोठा मानूस, अन् टीप?’’

उरली इशाऱ्याची. लाल, जाड, लांबून नजर खेचणारी. कुलदीपने ती दिली आणि खिडकीबाहेर पाहत बसला. संत्र्याला बहार आला की शेंदूरजनाघाटात हवेतच कुणी साखर विरघळवल्यासारखं वाटतं. त्याला समोरच्या स्कूटरी दिसेनाशा झाल्या. पांढऱ्या फुलांखालून रागिणी चालली होती, तिच्या केसांत पाकळ्या पडत होत्या, आणि मागून खुशालराव म्हणत होते, या जावईबापू!

‘‘छापायच्या आधी एकदा पाहून घेजो,’’ दीक्षा म्हणाली.

‘‘हो,’’ जावईबापू म्हणाले, आणि न पाहताच त्यांनी फाइल छापखान्यात पाठवली.

पुस्तिका गावात पोचली. पहिल्या पानावर लाल चौकट, त्यात मोठा त्रिकोण, त्याच्या पोटात उद्गारचिन्ह. खाली ठळक अक्षरांत ‘धोका!’ त्याखाली खुशालरावांचा हसरा फोटो. आणि त्याखाली संदेश: ‘येत्या आठवड्यात मी प्रत्येकाच्या बागेत येणार आहे.’

गावात एकच धांदल उडाली! अध्यक्ष बागा तपासून संत्री नाकारणार, असं कुणीतरी म्हणालं. संध्याकाळपर्यंत ते झाडंच तोडायला लावणार, इथवर बातमी गेली. देवमनने बायकापोरांसकट बागेत तळ ठोकला. गोदाबाईने तर कुत्रं सोडून ठेवलं.

आठवड्याने रागिणीचा फोन आला. ‘‘बाबा तुयाकडंच निघाले. हातात पुस्तिका आहे. काय करून ठेवलं तू?’’

कुलदीपने पुस्तिका पहिल्यांदा उघडून पाहिली. फुलं, पाकळ्या, जावईबापू, सगळं एका त्रिकोणात गडप झालं. रागिणी आता आपली होत नाही, या विचाराने त्याला खरोखर रडू येत होतं.

खुशालराव आले. पान उघडून त्यांनी टेबलावर ठेवलं.

‘‘माया फोटोवर धोका काहून लिवलं गा?’’

‘‘ते… नजर थांबली पायजे म्हून…’’

‘‘थांबली!’’ खुशालरावांनी टेबलावर थाप मारली. ‘‘इतके वर्सं हात जोडून सांगून राहिलो, बागा साफ ठेवा, वाळल्या फांद्या काढा. कोनी आयकलं नाही. आता देवमनच्या बागेत वाळली काडी सापडत नाही! गोदाबाईचं कुत्रं अंगावर आलं, पन बाग कशी आरशावानी! पोरा, तुले मानूस कळते. लग्नाची पत्रिका बी तूच बनव.’’

कुलदीप पुन्हा तरंगायला लागला. पत्रिकेची चौकट मात्र त्याने फार जपून निवडली. इशारा नको, दीक्षा डोळे वटारत होती. अवतरण तर नकोच. मग उदाहरणाची! सौम्य, नाजूक, चारी बाजूंनी बारीक रेघ. तिच्या मथळ्यात त्याने दोघांची नावं टाकली आणि खिडकीबाहेर पाहत बसला. उदाहरणाच्या मथळ्याला कॉम्प्युटर आपलं आपण नाव आणि नंबर लावतो, हे त्याच्या ध्यानातच राहिलं नाही.

छापलेल्या पत्रिकांचा गठ्ठा घेऊन तो शेंदूरजनाघाटला गेला. रागिणीने वरची पत्रिका उचलली आणि मोठ्याने वाचली.

‘‘उदाहरण १: चि. कुलदीप आणि चि. सौ. कां. रागिणी.’’

बहाराचा वास दरवळत होता. कुलदीप मंद हसत उभा होता.

रागिणीने पत्रिका मागून-पुढून पाहिली, मग त्याच्याकडे पाहिलं.

‘‘एक नंबरचं हे झालं. उदाहरण दोनमंधी कोन आहे?’’