सहा फुटी अंगठा

'धावपट्टीसाठी गावकऱ्यांनी आपली शेते स्वखुशीने, किंबहुना आनंदाने दिली.' संग्रहालयाच्या पहिल्याच दालनात, आत येणाऱ्याची नजर चुकणार नाही अशा उंचीवर हे वाक्य लावलेले होते. प्रदर्शनाचा विषय, युद्धकाळातील विमानतळ आणि ग्रामजीवन. वाक्यात दोन विधाने आहेत. शेते गेली, हे पहिले. ते खरे आहे. आनंद झाला, हे दुसरे; त्याला पुरावा एकच, काचेखालचे एक संमतिपत्र आणि त्याच्या तळाशी उमटलेला निळाशार अंगठा. ऐंशी वर्षांत कागद पिवळा पडला, टाचणी गंजली, मजकूर विटला. आनंद मात्र कालच उमटल्यासारखा ताजा होता. उद्घाटनाला आलेल्या एकाही विद्वानाला हे खटकले नाही. खटकले ते एका टेलरबाईंना, कारण अंगठ्याशेजारचे नाव त्यांच्या आजोबांचे होते.

बाई दुकान बंद करून, गळ्यातली मापाची टेपही न काढता, संग्रहालयात येऊन थडकल्या.

"हा अंगठा कुणाचा?"

"आपल्या आजोबांचा," प्रदर्शन मांडणारे अभिरक्षक म्हणाले. ते पीएच.डी. झालेले होते आणि अभ्यागतांशी बोलताना चष्मा कपाळावर चढवीत; समोरचे माणूस अंधूक दिसले की त्यांना ठामपणे बोलता येई. "संमती देणारे ते पहिलेच."

"त्यासाठीच आलेय. हे तुमचं सुरू झाल्यापासून शेजारीपाजारी मला ऐकवताहेत, 'तुझ्या आजोबानं पहिला अंगठा उठवला, म्हणून आमचीही शेतं गेली.' काल एकीनं शिवायला टाकलेला झगा परत नेला. एका बाहीचा!"

"इतिहास कटू असतो, बाई."

"असू दे की कटू, पण खरा तर असू दे! आजोबा अख्ख्या गावाची पत्रं लिहून द्यायचे. सही अशी झोकदार, की बघत राहावं. ते अंगठा कशाला देतील?"

शेतकरी आणि सही ही जोडी अभिरक्षकांच्या प्रबंधाच्या चारशे बारा पानांत कुठेही एकत्र आलेली नव्हती.

"त्या दिवशी पेन नसेल," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बाई आजोबांच्या हातचे पत्र घेऊन हजर झाल्या. विमानतळाच्या अधिकाऱ्याला धाडलेल्या पत्राची ती नक्कल होती. अभिरक्षकांनी पहिली ओळ वाचली, 'आपले उपकार या जन्मी फिटणे नाही,' आणि हर्षभराने ते पत्र 'आभारपत्र' अशी चिठ्ठी लावून संमतिपत्राशेजारी मांडले. दुसरी ओळ वाचण्याचे काम अर्थातच प्रेक्षकांवर पडले: 'उभ्या पिकावर रोलर फिरवलात, विहीर बुजवलीत, आणि आता वर सही मागता. ती मिळणार नाही.'

दुपारपर्यंत आभारपत्रापुढे गर्दी झाली आणि हशा वरच्या मजल्यापर्यंत पोचला. संचालिका खाली उतरल्या.

"काय चाललंय हे?"

"मॅडम, माणसाचं मन नंतर वळतं," अभिरक्षक घाईने म्हणाले. "पत्र गौण आहे. अंगठा बोलतो."

"मग जरा मोठ्यानं बोलू दे. सहा फुटांचा करून भिंतीवर लावा. आपल्याकडे लपवण्यासारखं काही नाही, हे लोकांना दिसायला हवं."

"इतका मोठा कशाला? मूळ आकारातच त्याची गंमत आहे."

"कसली गंमत?" टेलरबाईंनी विचारले.

अभिरक्षकांनी चष्मा कपाळावर चढवला. तिसऱ्या दिवशी सकाळी अंगठा भिंतीवर चढला. त्याची एकेक रेघ नांगराच्या तासाएवढी रुंद झाली होती, आणि मधोमध, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक वाकडा पांढरा व्रण पसरला होता. संचालिका, अभिरक्षक आणि टेलरबाई तिघेही त्यापुढे उभे असताना संग्रहालयाचे हजेरी कारकून चहाचा कप घेऊन तिथून चालले होते. ते थबकले. त्यांनी मान तिरकी केली.

"अरेच्चा! हा तर आपल्या डॉक्टरसाहेबांचा!"

"काहीतरीच काय, भाऊसाहेब!" अभिरक्षक ओरडले.

"काहीतरीच कसं? तीन वर्षं रोज सकाळी हा अंगठा पुसून पुसून यंत्रावर टेकवतोय मी. या व्रणापायी यंत्र तो घेत नाही, म्हणून तुमची हजेरी मला हातानं लिहावी लागते. एक वेळ बायकोचा चेहरा विसरेन, साहेब, हा अंगठा नाही विसरायचा!"

टेलरबाईंनी गळ्यातली टेप काढली. "हात इकडे करा, साहेब."

"बाई, हे संग्रहालय आहे!"

"म्हणून तर. इथं वस्तू तपासूनच ठेवतात ना?"

अभिरक्षकांनी हात खिशात घातला. संबंध प्रदर्शनात त्यांनी केलेले हे पहिले निःसंदिग्ध विधान होते.

संचालिकांनी लेखी खुलासा मागितला आणि अंगठा उतरवायचा हुकूम सोडला. टेलरबाई आडव्या आल्या. अंगठा राहू द्या, म्हणाल्या. फक्त आनंदाचे ते वाक्य काढा आणि त्याच जागी, तेवढ्याच उंचीवर, खुलासा लावा. तसा तो लागला. चार दिवसांनी एका बाहीचा झगा, मान खाली घालून, दुकानात परत आला. खुलासा असा:

"मूळ कागदावर सहीची जागा कोरी होती. ती कोणी मुद्दाम कोरी ठेवली असेल, हे माझ्या मनात आले नाही. खेडूत माणसाला लिहिता येत नसणार आणि अंगठा घ्यायचा राहून गेला असणार, असे गृहीत धरून मी कार्यालयातील शिक्क्याच्या शाईने ती उणीव भरून काढली. सबब, सदर शेत आनंदाने देणारा पहिला इसम मीच आहे. शेत माझे नव्हते."