दुसऱ्या गिअरची चौकशी

कोंडिबा ढेब्याच्या जीपमधला दुसरा गिअर दात पडून निकामी झाला, आणि त्याच्या जागी येणाऱ्याची रीतसर चौकशी झाल्याशिवाय बाकीचे गिअर त्याला आत घेणार नव्हते. यात नवल काही नव्हतं. एकाच तेलात राहायचं, दाताला दात लावायचा, तर येणारा कोण, कुठला, हे आधी कळलेलं बरं. शब्बीर मिस्त्रीनं गिअरबॉक्स उघडून ठेवला होता आणि आतले तिघं वाट बघत होते.

कोंडिबाला घाई होती. गुरुवारी तालुक्याला त्याच्या बायकोच्या, अनुसयेच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. एक डोळा गेलाच होता. उरलेल्याबद्दल डॉक्टरांनी सांगितलं होतं, ही तारीख चुकवलीत तर मग आणू नका. वाडीत जीप ही एकच, आणि तो घाट दुसऱ्या गिअरशिवाय चढण्यातला नव्हता.

त्या मॉडेलचे नवे भाग यायचे बंद झाले होते, म्हणून तो भंगारबाजारात गेला. गोणपाटावर गिअर मांडले होते. एक म्हणाला, मी डॉक्टरीणबाईंच्या गाडीत होतो, त्या फक्त रविवारी देवळात जायच्या. त्याच्या शेजारचा सरकारी गाडीतला होता, साहेब गाडीत बसून झोपायचे म्हणे. पलीकडचाही डॉक्टरीणबाईंच्याच गाडीतला निघाला. कोंडिबा पुढं सरकला. एका गाडीत दोन दुसरे गिअर नसतात, एवढं त्याला कळत होतं.

कडेला एक काळवंडलेला गिअर पडला होता.

"कुठून आलो ते सांगणार नाही," तो म्हणाला. "दात बघा."

दात धड होते. पण जो सांगत नाही तो काहीतरी दडवतो, असं कोंडिबाला वाटलं. दुकानदाराला खोदून विचारल्यावर कळलं की हा दरीत गेलेल्या एका जीपचा गिअर. गाव कुसरपेठ. कोंडिबानं त्याला पिशवीत घातलं आणि कुसरपेठेची एसटी धरली.

चौकशीला जाणारा कधी थेट घरी जात नाही. कोंडिबा आधी शेजाऱ्याकडे पाणी प्यायला, मग पिठाच्या गिरणीत पाणी प्यायला, आणि सहज आठवल्यासारखं त्या जीपचं विचारलं. दोन्हीकडे एकच उत्तर मिळालं. ऐन उतारावर गिअर सुटला आणि ड्रायव्हर गेला. पिशवीतून कसलाच आवाज आला नाही. कोंडिबानं पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

ड्रायव्हरची बायको इंदूबाई ओट्यावर तांदूळ निवडत होती.

"चौकशीला आलात ना, बाबा?" ती म्हणाली. "दोन घरचं पाणी पिऊन झालंय, तिसरं देत नाही. दाखवा."

त्यानं गिअर ओट्यावर ठेवला. तिनं तो पदरानं पुसला आणि पुसतच राहिली.

"हा सुटला नव्हता. ह्यांनीच न्यूट्रल केलं होतं, डिझेल वाचवायला. नेहमीचं होतं त्यांचं. पंचनाम्याला हा म्हणाला, मी सुटलो. मेलेल्या माणसाला बोल नको म्हणून." गिअर परत देत ती म्हणाली, "मीही गप्प बसले. तुमच्या गिअरबॉक्सला मात्र खरं काय ते सांगा."

गॅरेजात कोंडिबानं उघड्या गिअरबॉक्ससमोर सगळं सांगितलं. गिअरांनी ऐकून घेतलं. चौथा सपाट रस्त्यावरचा, त्यामुळे मूळचाच संशयी. त्यानं तेच दोनदा विचारलं आणि मग आमची हरकत नाही असं सांगितलं.

"माझी झाली," नवा गिअर म्हणाला. "आता मालकांची चौकशी."

शब्बीर मिस्त्री म्हणाला, मागणी रास्त आहे. येणाऱ्यालाही विचारायचा हक्क असतो. मग पहिल्यानं सांगितलं, माणूस सालस आहे, गाडीवर हात उगारत नाही, वेळेवर तेल घालतो. तिसऱ्याची पाळी आली. विचारल्यावर तो म्हणाला, "उतार लागला की न्यूट्रल करतो."

मिस्त्री पाने पुसायला लागला. कोंडिबा जमिनीकडे बघत राहिला.

"परवा माझी बायको शेजारी बसणार आहे," तो शेवटी म्हणाला. "एकच डोळा उरलाय तिचा."

"म्हणूनच विचारतोय," गिअर म्हणाला. मग त्यानं सांगितलं, "येतो. पण उतारावर मी सुटणार नाही. कुणी ओढलं तरी."

गुरुवारी सकाळी जीप घाटमाथ्यावर आली. पुढं उतार दिसला, तसा इतक्या वर्षांच्या सवयीनं कोंडिबाचा हात दांड्यावर गेला. दांडा हलला नाही. त्यानं जरा जोर लावला. तरी नाही.

"काय झालं?" अनुसयेनं विचारलं.

"काही नाही. त्याचा माझ्यावर विश्वास नाही."

"माझा तरी कुठं होता? इथं आलं की मी डोळे मिटून घ्यायचे. एवढ्या वर्षांत हा घाट काही मी बघितला नाही."

कोंडिबानं दांड्यावरचा हात काढून स्टिअरिंगवर ठेवला. जीप दुसऱ्या गिअरवर गुरगुरत, पावलापावलानं उतरू लागली. पहिलं वळण आलं. अनुसया उरलेला डोळा उघडा ठेवून बाहेर बघत होती.

"बराच खोल आहे की हो," ती म्हणाली.