पहिला फेटा कुणाला?

कोरेगावजवळच्या एका गावात इंग्लंड आणि अमेरिका अशा दोन सरकारांचे साहेब एकदमच येणार म्हटल्यावर सरपंच चारुलताबाईंची झोप उडाली. पहिला फेटा कुणाला बांधायचा?

धोंडिरामआबांना त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. साहेब आबांच्या वडिलांचा फोटो आणणार होते. दुसऱ्या महायुद्धात वडील इटलीत धारातीर्थी पडले, तेव्हा आबा आईच्या पोटात होते. घरात वडिलांचा एकही फोटो नव्हता. आपला बाप दिसायचा कसा, या एकाच उत्सुकतेवर आबांचा जन्म गेला होता.

"फेटं कशाला? फोटू घ्या, च्या पाजा, द्या लावून," आबा म्हणाले.

"सरपंच, त्यास्नी सांगा, मानपान चुकला तर गावाची अब्रू जाईल," शेजारीच बसलेले त्यांचे धाकटे चुलतभाऊ लालासाहेब म्हणाले. शेताच्या बांधावरून दोघांचं बोलणं बंद होतं. आबा तर त्यांचं तोंडही बघत नसत.

शेवटी दोन फेटे एकाच वेळी बांधायचे ठरलं. अमेरिकेला बांधणार गावातला बिराप्पा, इंग्लंडला लालासाहेब.

कार्यक्रमात बिराप्पाचा तुरा वीतभर वर गेला. "इंग्लंड खाली दिसतंय रं!" मंडपातून कुणीतरी ओरडलं. लालासाहेबांनी फेटा सोडून पुन्हा बांधला. मग अमेरिका खाली दिसायला लागली. बिराप्पा काय कमी? त्यानंही सोडला. तिसऱ्या खेपेला फेटे साहेबांच्या भुवयांवर आले. हा काहीतरी पवित्र विधी असावा, अशा समजुतीनं दोघे डोळे मिटून बसून राहिले. आबांचा जीव मात्र टांगणीला लागला होता.

एकदाची कागदात गुंडाळलेली फोटोची फ्रेम बाहेर निघाली, तर तिथं नवीनच घोळ. फोटो काढलेला अमेरिकन शिपायानं, आणि आबांचे वडील लढले इंग्रजांच्या फौजेत. "फोटो द्यायचा मान आपला," इंग्लंड म्हणे. "छे, आपलाच," अमेरिका म्हणे. दोघेही फ्रेम धरून वाकत होते. दुभाषा दमला.

"आणा हिकडं!" म्हणत आबांनी फ्रेम ओढून घेतली आणि वरचा कागद फाडला.

फोटोत बोडक्या डोक्याचा एक तरणा शिपाई हसत होता. बाकदार नाक, एक भुवई वर, पुढच्या दातांत फट. आबा बघतच राहिले. मग कितीतरी वर्षांनी त्यांनी लालासाहेबांकडे मान वळवली.

"लाला."

लालासाहेबांनी आधी मागं वळून पाहिलं. "मला म्हणताय?"

"फेटा काढ. जरा हास बघू."

लालासाहेबांनी आपल्या डोक्यावरचा फेटा उतरवला. हसू येईना, डोळेच भरून आले. तरी बिचारे हसले. तेच नाक, तीच भुवई, दातांतली तीच फट.

आबांनी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर मांडली आणि निवांत बघत बसले. साहेब अजून उभेच होते.

"बांधाचं मिटल्यालं न्हाई, लाला," बऱ्याच वेळानं आबा म्हणाले. "पर रोज सकाळी माझ्या दारात येऊन बसत जा."